चढणारी चाकं

४ फेब्रुवारी

पोरी,

हे काम फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून लिहिते. तुझा फोन आला की तुझे आतोबा तो स्पीकरवर टाकतात आणि मग जेवताना तुझी नक्कल करतात. "म्हणजे आत्या, बहुतेक, म्हणजे अगदी खात्रीनं नाही, पण..." तू बोलतेस तशीच, हे खरं. मला हसावं लागतं, आणि मी हसते.

काम चाकांचं आहे. ह्यांची ती लाल स्पोर्ट्स गाडी तुला आठवत असेल, दोघांपुरती. मी लग्न होऊन आले तेव्हाच लोक तिला जुनी म्हणत होते. ह्या वर्षी त्यांना वजनाचं वेड लागलं आहे. गाडी हलकी झाली की पळते म्हणे. आधी स्टेपनी काढली, मग जॅक, मग रेडिओ. गेल्या महिन्यात ड्रायव्हरशेजारची सीट उपटून काढली आणि पाहुण्यांसमोर मला म्हणाले, "बघ वॉशर, तू न बसताच तुझ्याइतकं वजन कमी झालं." पाहुणे पोट धरून हसले. वॉशर म्हणजे मी, हे तुला माहीत आहे. नटाखाली असतो, चपटा असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. ती सीट आता व्हरांड्यात आहे. मी तिच्यावर बसून भाजी निवडते. बसायला फार छान आहे.

आता चाकांची पाळी. कुठल्याशा मित्राकडून त्यांनी चार अलॉय चाकं आणली आहेत. सोनेरी, देखणी, आणि लोखंडी चाकांपेक्षा एकेक अडीच किलोनं हलकी. नेहमीच्या मेकॅनिकनं एक चाक हातात घेऊन मान हलवली, तर त्याच्याशी भांडून आले. आता म्हणतात, "तुझ्या भाचीला विचार. चाकांच्या वर्कशॉपमध्ये तिला मी चिकटवली ती कशाला?"

ते आंघोळीला गेले तेव्हा मी मोजून घेतलं. गाडीच्या चार बोल्टांतून वर्तुळ काढलं तर ते अठ्ठ्याण्णव मिलिमीटरचं. नव्या चाकांच्या चार भोकांचं शंभरचं. गाडीला हात लावायची मला आजही परवानगी नाही, तेव्हा हे माप तुला कुठल्यातरी पुस्तकात सापडलं असं समज.

काय ते ठरव आणि लिही.

आत्या

*

९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं माप मी तपासलेलं नाही. न तपासता विश्वास ठेवायची मला सवय नाही, पण व्हर्नियर धरायला मला तूच शिकवलंस, तेव्हा तुझ्या मापावर शंका घेतली तर माझ्या प्रत्येक मापावर घ्यावी लागेल.

ती चाकं लावू नका. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचायचं राहिलं तरी चालेल.

कारण सांगते. शाळेत जायच्या आधी मी आजोबांच्या गॅरेजमध्ये शिकले, आणि ती शाळा म्हणजे तू होतीस. एकदा मी एका दांड्यावर बेअरिंग सरकवलं आणि ओरडले, "बसलं!" तू दोन बोटांनी ते परत ओढून काढलंस. म्हणालीस, "हे चढलंय. बसलेलं असतं तर माझ्या बोटांनी निघालं नसतं." आणि स्टीलची पट्टी माझ्या बोटांच्या पेरांवर मारलीस. बाबा लेथ थांबवून हसले होते. तेव्हापासून आपल्या घरात "चढलं" म्हणजे नापास.

ही सोनेरी चाकं तशी आहेत. ती गाडीवर चढतील. बोल्ट हातानं आत जातील. पाना लावला की घट्टसुद्धा वाटतील. पण दोन मिलिमीटरच्या फरकामुळे प्रत्येक बोल्ट आपल्या भोकाच्या एकाच कडेला टेकेल. शिवाय अशा चाकांचं मधलं भोक बहुतेक मोठं असतं (तू ते मोजलं नाहीस, म्हणून "बहुतेक"). तसं असेल तर चाक हबच्या मधल्या गोल उंचवट्यावर टेकणारच नाही, चार बोल्टांना नुसतं लटकून राहील. मग वेगात ते थरथरेल, बोल्ट सैल होतील किंवा मोडतील. कधी, ते मला सांगता येत नाही. पहिल्याच वळणावर होईल, किंवा महिन्यानं होईल. होईल एवढं सांगता येतं.

ह्या गाडीला बसणारी हलकी चाकं मिळतात. दुर्मीळ आहेत, पण मी शोधीन.

आतोबा रागावतील याची मला भीती वाटते. माझे मालक त्यांचे दोस्त आहेत, आणि त्यांच्या एका शब्दावर मी इथे लागले. तरी हे पत्र त्यांना वाचून दाखव. फक्त माझ्या आवाजात वाचू नकोस.

तुझी भाची

*

१५ फेब्रुवारी

पोरी,

वाचून दाखवलं. बेअरिंगपर्यंत पोचले आणि त्यांनी हात वर केला. "मायक्रोनं निबंध पाठवलाय. पुढच्या पानावर गाय आहे का?" मायक्रोमीटर हे तुझं नाव आता घरात पक्कं झालं आहे. मलाही तेच तोंडात येतं कधीकधी, राग मानू नकोस.

ते म्हणाले, "मला उत्तर पाहिजे, व्याख्यान नको. नाहीतर तिच्या मालकालाच विचारतो, असल्या घाबरटीला चाकांपाशी उभी तरी कशाला करतोस म्हणून."

ते बोलतात तसं करतात, तुला माहीत आहे. तुझी नोकरी गेली तर तू कुठे जाशील हा विचार माझ्या मनात येतो. बाईमाणसाला मशीनपाशी कुणी उभं करत नाही. मी लग्नानंतर पुष्कळ ठिकाणी विचारून पाहिलं होतं. मग यांनी माझी हत्यारं विकून गाडीचं हूड शिवून घेतलं, आणि विचारायचा प्रश्नच मिटला.

तेव्हा थोडक्यात लिही. दोन ओळी.

आत्या

*

२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

दोन ओळी:

चाकं गाडीवर चढतील.
बसणार नाहीत.

आता दोन ओळींच्या बाहेरचं, ते फक्त तुझ्यासाठी. तू नको म्हणाली होतीस तरी मी मंगळवारी फोन केला. तू स्वयंपाकघरात असशील. फोन आतोबांनी उचलला.

"कोण, मायक्रो? बोल."

"आतोबा, ती चाकं लावू नका."

"चढतात की नाही?"

"चढतात, पण..."

"झालं तर मग! वॉशर, ऐकलंस का गं? चढतात!"

मागे तुझं हसणं ऐकू आलं. मग फोन बंद झाला. फोन बंद झाल्यावर मी उरलेलं वाक्य पूर्ण म्हटलं. कुणी ऐकत नसलं की मला चांगलं बोलता येतं.

(हसणं तुझं होतं असं वर लिहिलं आहे, पण खात्री नाही. टीव्हीचंही असू शकेल. तसं असेल तर ते वाक्य खोडलं असं समज.)

तुझी भाची

*

२४ फेब्रुवारी

पोरी,

हसले मीच. टीव्ही बंद होता.

तुझ्या दोन ओळींतली दुसरी त्यांना डाचली. "बसणार नाहीत म्हणजे काय? चाकं आहेत की पाहुणे?" "नाही" हा शब्द कानावर पडला की हे उलट हट्टाला पेटतात. मी इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढली ती हा शब्द न उच्चारता. तू "नाही" लिहिलंस तर ती चाकं उद्याच लागतील, आणि वर तुझ्या मालकाला फोन जाईल.

मी सांगते तसं कर. वर्कशॉपच्या छापील कागदावर एकच ओळ लिही, तुझी पहिली. खाली सही आणि शिक्का. त्यात खोटं काही नाही. तुला खोटं लिहायला मी कधी सांगितलंय का? तो कागद हातात आला की त्यांचा अहंकार शांत होईल. मग पुढचं मी त्यांना जेवताना, कलाकलानं सांगेन. पोट भरलेलं असलं की ते ऐकतात. "चढतील" म्हणजे आपल्या घरात काय, हे तुला मला तरी समजवावं लागणार नाही.

आणि मधलं भोक मोजलं. तुझा अंदाज बरोबर आहे. हबवर टेकत नाही.

आत्या

*

१ मार्च

प्रिय आत्या,

सोबत छापील कागद आहे. आधी मी "चढू शकतील" असं लिहिलं होतं; ते लबाडीचं वाटलं म्हणून फाडलं आणि नवा घेतला. मालकांनी न वाचताच शिक्का मारला आणि म्हणाले, "तुझ्या आतोबांचं काम आहे ना? मग मी काय बघायचं त्यात!"

कागदावर एवढंच आहे: "सदर चाके सदर गाडीवर चढतील."

ह्यात खोटं नाही. पाकीट बंद करताना मी स्वतःला हेच सांगितलं, आणि पत्र टाकायला जातानाही सांगत होते, म्हणजे बहुतेक कुठेतरी काहीतरी चुकतं आहे. जे खरंच खरं असतं ते मला इतक्यांदा सांगावं लागत नाही.

आपल्या घराबाहेर हा शब्द "हो" असा वाचतात. तो "नको" असा वाचणारं आता माझ्याखेरीज तूच एक माणूस उरली आहेस. बाबा असते तर आपण तिघं असतो. म्हणून हा कागद मी आतोबांच्या नावे पाठवत नाही, तुझ्या नावे पाठवते आहे. आधी त्यांना समजावून सांग, मग कागद दाखव. आधी सांगणं, मग दाखवणं. उलट नको.

झालं की मला दोन शब्द लिही.

तुझी भाची

*

१९ मार्च

प्रिय आत्या,

तुझं उत्तर नाही. म्हणजे आतोबांनी ऐकलं असेल आणि विषय संपला असेल. किंवा तू कामात असशील. तिसरं काही मी लिहीत नाही.

एक चांगली गोष्ट आहे. बसणारी चाकं मिळाली. एका भंगारवाल्याकडे रॅकच्या तळाशी चार पडली होती, त्याच जातीच्या गाडीची, अलॉयची, त्या काळी शर्यतीसाठी म्हणून काढलेली. वर्तुळ अठ्ठ्याण्णव. मधलं भोक हबच्या मापाचं, मोजून पाहिलं. सोनेरी चाकांपेक्षा जेमतेम पाव किलोनं जड. आत किती शिरतात तेही पाहिलं. गाडीच्या पत्र्याला घासणार नाहीत आणि बाहेरही डोकावणार नाहीत.

वर्कशॉप बंद झाल्यावर मी रोज थोडं थोडं करून ती साफ केली. लाल डाय लावून तडे शोधले. एकाला बारीक तडा वाटला म्हणून रात्रभर झोप नाही. सकाळी बघते तर तो डायच्या ब्रशचा केस होता. मग लेथवर कडा सरळ केल्या, राखाडी रंग दिला. आतोबांना सोनेरी आवडतात हे माहीत आहे, पण सोनेरी रंग माझ्या हातून नीट बसत नाही, आणि जे नीट बसत नाही ते ह्या चाकांवर मला नको होतं.

आज ट्रान्सपोर्टनं पाठवली आहेत. प्रत्येक खोक्यावर मी एकच शब्द लिहिला आहे. मोजून लिहिला आहे. "बसतं."

ही माझ्याकडून भेट समज. आतोबांना म्हणावं, मायक्रोला एवढ्याखेरीज काही येत नाही.

तुझी भाची

*

६ एप्रिल

प्रिय आत्या,

ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात जाऊन आले. खोकी पोचली असं ते म्हणतात. पावतीवर सही तुझी आहे. तुझ्या सहीतली शेवटची रेघ मला कुठेही ओळखू येईल.

मग चाकं लागली का? तू लिहीत का नाहीस? काल फोन केला तर कुणी उचलला नाही. आजही नाही.

मी काही चुकीचं बोलले असेन तर सांग.

तुझी भाची

*

२८ एप्रिल

पोरी,

उत्तराला उशीर झाला. दवाखान्यात होते.

तो वाचला.

तुझा कागद आला त्याच दिवशी त्यानं सोनेरी चाकं लावली. मी व्हरांड्यात माझ्या सीटवर बसून बघत होते. स्वतःच्या हातानं पाना फिरवला, घाम पुसला आणि मला हाक मारली, "वॉशर, बघितलंस का? बोल्ट कसे लोण्यासारखे आत जातायत!" मी म्हटलं, "हो की. चढली." खोटं बोलले नाही.

काही आठवडे मजेत फिरला. हलकी झाली, पळते, वळते, सगळ्यांना सांगत होता. स्टिअरिंग थरथरतं म्हणून कुणीतरी टोकलं, तर म्हणाला, जिवंत गाडी थरथरणारच. मग गोदामांच्या वळणावर पुढचं डावं चाक सुटलं. लोक सांगतात, चाक गाडीच्या पुढे पळत गेलं आणि एका दुकानाच्या पायरीला टेकून उभं राहिलं. त्याला ओरखडाही नाही. गाडी भिंतीवर गेली. दुसऱ्या कुणाला काही झालं नाही.

मान मोडली आहे. खांद्याखाली काही हलत नाही. डोक्यालाही मार आहे, त्यामुळे शब्द येत नाहीत. ऐकू मात्र सगळं येतं आणि कळतंही. ते मी डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

विम्याचा माणूस येऊन गेला. त्याला तुझा कागद दाखवला. म्हणाला, अक्षर सुरेख आहे. तुझ्या मालकांनाही कळवावं लागलं. मी त्यांना म्हटलं, पोर आहे, रागावू नका. रागावले का?

आत्या

*

६ मे

प्रिय आत्या,

रागावले नाहीत. माझं कपाट रिकामं करून सामानाची पिशवी दाराशी ठेवली होती. मग सगळ्यांसमोर त्यांनी मला शांतपणे विचारलं, "चाक चढणं आणि बसणं यातला फरक तुला माहीत नव्हता?"

मी म्हटलं, "माहीत होता."

नव्हता म्हटलं असतं तर कदाचित ठेवलं असतं.

मी तुझं पत्र पुष्कळ वेळा वाचलं. आतोबांबद्दल मला काय वाटतं ते इथे लिहीत नाही, कारण त्याचा कुणाला उपयोग नाही. जे कळत नाही ते विचारते. तू त्यांना समजावून सांगणार होतीस. कधी सांगितलंस? सांगितल्यावर ते काय म्हणाले? मी पाठवलेली चाकं तुझ्या सहीनं घरात आली, आणि आली तेव्हा आतोबा अजून धडधाकट गाडी चालवत होते. अपघाताची तारीख मालकांकडून कळली, ती ट्रान्सपोर्टच्या पावतीशी मी ताडून पाहिली. मग ती चाकं कुठे होती?

आणखी एक. फार लहान गोष्ट आहे, पण नजरेतून जात नाही. तुझ्या सगळ्या पत्रांत ते "हे" होते. या पत्रात "तो" झाले आहेत. नुसतं अपघाताच्या मजकुरात नाही. "तो वाचला" ह्या वाक्यापासूनच.

मला भीती वाटते आहे. तू लिही की मी चुकते आहे. मी नेहमीसारखी उगाच शंका काढते आहे असं लिही. मी लगेच मान्य करीन.

तुझी भाची

*

१५ मे

पोरी,

"तो" म्हणायला बरं वाटतं. हलकं वाटतं. वजन कमी करायचं वेड मलाही लागलं म्हण.

तू विचारतेस म्हणून सांगते. जेवताना सांगणार होते. त्या दिवशी नेमकं भाजीत मीठ कमी पडलं, ताट भिंतीवर गेलं, आणि बोलायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी मीठ नीट होतं, पण माझं मन झालं नाही.

मी काही केलेलं नाही. पाना त्याचा, हात त्याचा, कागद तुझा. मी कुणाला लाव म्हटलं नाही. तुझ्याकडे माझी पत्रं असतील, काढून बघ. सगळ्यांत काळजीच आहे.

तुझी चाकं जिन्याखाली आहेत. त्यांवर कुंड्या ठेवल्या आहेत, उंची छान मिळते. कुंड्या ठेवण्याआधी एका दुपारी तो घोरत पडला होता तेव्हा एक लावूनही पाहिलं. जॅक त्यानंच काढून ठेवलेला होता. काय चाक होतं गं ते! बोल्ट न लावता हात सोडला तरी जागचं हललं नाही. हबवर असं बसलं जसं तिथेच घडवलं होतं. मला तुझ्या आजोबांचं गॅरेज आठवलं. माझ्या हाताखाली शिकलीस, त्याचा त्या दुपारी फार अभिमान वाटला. मग ते काढलं, आणि सोनेरी होतं तसं परत लावलं.

आता नवं काम आहे. दवाखान्यानं दिलेली चाकाची खुर्ची जड आहे. चाकं लोखंडी. व्हरांड्याचा उंबरा ओलांडवताना माझी कंबर जाते. हलकी चाकं बघ. ॲक्सल अर्ध्या इंचाचा आहे, व्हर्नियरनं मोजला. नवा व्हर्नियर घेतला मी.

संध्याकाळी त्याची खुर्ची माझ्या सीटशेजारी लावते आणि आम्ही रस्त्याकडे तोंड करून बसतो. अगदी गाडीतून निघाल्यासारखं वाटतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं मला शेजारी बसवलं.

आत्या

*

२ जून

आत्या,

मी सायकलच्या दुकानात लागले आहे. रिमला तारा भरते. इथे कुणी माझ्याकडून काही लिहून घेत नाही.

खुर्चीच्या चाकांचं आधी सांगते, कारण ते काम तू विचारलं आहेस. माझ्याकडे दोन जोड्या आहेत, दोन्ही हलक्या. तुझा ॲक्सल अर्ध्या इंचाचा, म्हणजे बारा पूर्णांक सात मिलिमीटर. एका जोडीचं बेअरिंग तेरा मिलिमीटरचं आहे. ती चढते. दुसरीचं बरोबर तुझ्या मापाचं आहे. ती बसते.

आता दुसरं. मी तुझी पत्रं काढून पाहिली. तू म्हणतेस ते खरं आहे, सगळ्यांत काळजी आहे. तू मला एकदाही खोटं लिहायला सांगितलं नाहीस. फक्त माझं एकेक वाक्य काढून घेत गेलीस. आधी कारण काढलंस, मग "बसणार नाहीत" काढलंस, आणि शेवटी एक शब्द उरला, तो छापील कागदावर आला. गाडीतून एकेक वस्तू काढावी तसं. आणि मी नोकरीच्या भीतीनं काढू दिलं. हे मी तुझ्या खात्यावर टाकत नाही, ते माझं आहे.

पण शेवटच्या पत्रात तू एक गोष्ट लिहून गेलीस. एका दुपारी तू सोनेरी चाक काढलंस आणि परत लावलंस. म्हणजे त्या चाकाचे बोल्ट शेवटचे आतोबांनी आवळलेले नव्हते. कुठलं चाक ते तू लिहिलेलं नाहीस. सगळं मोजून लिहिणारी तू, आणि एवढंच लिहायचं राहिलं. कुठलं चाक होतं, आत्या?

विम्याच्या माणसाकडे मी जाणार नाही. तुझं पत्र त्याच्यासमोर ठेवलं तर त्याला त्यात नवरा झोपलेला असताना चाक लावून बघणारी एक बाई दिसेल, आणि माझ्या सहीचा कागद दिसेल. आपल्या घरचा शब्द बाहेर कुणाला कळत नाही, हे तुला माझ्या आधी माहीत होतं.

मी तुझ्या घरी येणार आहे. खुर्चीची चाकं घेऊन येईन, स्वतः बसवीन. मग आतोबांसमोर खाली बसून मी त्यांना चढणं आणि बसणं यातला फरक सांगणार आहे. सावकाश, पूर्ण वाक्यांत. माझं पहिलं पत्र त्यांनी अर्ध्यात थांबवलं होतं, ते शेवटपर्यंत म्हणून दाखवीन. जिन्याखाली काय आहे तेही सांगीन. त्यांना ऐकू येतं आणि कळतं, हे तूच लिहिलं आहेस. त्यानंतर तुम्ही दोघं त्या व्हरांड्यात शेजारी शेजारी बसा.

मी हे रागानं लिहीत नाही. ते मी तपासून पाहिलं.

तुझी भाची

*

८ जून

पोरी,

ये. खोली झाडून ठेवते.

पण त्याला नवं काही सांगशील असं मनात धरून येऊ नकोस. त्याला सगळं सांगून झालं आहे. रोज सांगते, सकाळी दाढी करताना. वस्तरा गळ्यापाशी असला की किती मन लावून ऐकतो! तुझं पहिलं पत्र आता तो शेवटपर्यंत ऐकून घेतो, बेअरिंगसकट. हात वर करत नाही. मी ते तुझ्या आवाजात वाचते. "म्हणजे आत्या, बहुतेक, म्हणजे अगदी खात्रीनं नाही, पण..." नक्कल मला त्याच्याहून चांगली जमते असं माझं मत आहे.

काल जिन्याखालच्या कुंड्या हलवून तुझं एक चाक त्याच्या मांडीवर ठेवलं आणि खोक्यावरचा शब्द वाचून दाखवला. डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे फरक कळायला लागला आहे. तुला यापेक्षा जास्त दिवस लागले होते, आणि पट्टीही लागली होती.

चाक पुढचं डावं. बोल्ट मी त्यानं आवळले होते तेवढेच आवळले. जास्त नाही, कमी नाही. मुद्दाम मोजून. यात माझं काय चुकलं असेल तर आल्यावर दाखव.

खुर्चीची मात्र बसणारी जोडी आण. मला त्याला अजून पुष्कळ वर्षं फिरवायचं आहे.

आत्या